दोन नारिंगी पक्ष

मराठी माणसाला कुठल्याही दोन वस्तू द्या, संध्याकाळपर्यंत त्याने त्यांचे दोन पक्ष केलेले असतात. रत्नागिरी हापूस की देवगड हापूस, लता की आशा, बुलेट की जावा. आमच्या घरात सध्या गाजतोय तो वाद झाडं तोडायच्या पेट्रोलवरच्या करवतीचा. कागदोपत्री तिला चेन सॉ म्हणतात, दापोलीकडे आम्ही ‘कटर’ म्हणतो. प्रश्न एवढाच, की जर्मनीचा ‘स्टिल’ जास्त टिकतो की स्वीडनचा ‘हुस्कवार्ना’? अमेरिकेतले लाकूडतोडे याच प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडताहेत असं ऐकून आमच्या घरच्यांना फार बरं वाटलं. आपण एकटे नाही, हा दिलासा मोठा असतो.

सुरुवात निसर्ग चक्रीवादळापासून झाली. 3 जून 2020 ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या करून गेलं. तोवर कुऱ्हाड, कोयता आणि दोघांनी ओढायची करवत एवढ्यावर गावाचं भागत होतं. मग रस्ते मोकळे करायला एनडीआरएफचे जवान आले. त्यांनी रस्त्यावर पडलेल्या झाडांचे बघता बघता तुकडे केले आणि जमलेल्या प्रत्येक वाडीवाल्याच्या डोळ्यांत एकच भाव उमटला: आपल्याकडे हे हवं.

थोरले काका स्टिलवाले झाले, म्हणून धाकटे काका हुस्कवार्नावाले झाले. हा क्रम महत्त्वाचा आहे. थोरल्यांनी हुस्कवार्ना घेतला असता, तर धाकट्यांनी जर्मन कारागिरीवर व्याख्यान दिलं असतं. त्यातून दोन्ही मशीनं नारिंगी. एकाला पांढरट पट्टा, दुसऱ्याला करडा. पडवीत शेजारी शेजारी ठेवली की काकूला त्यातलं कोणतं कोणाचं ते आजही ओळखता येत नाही. पण निष्ठेला एवढा फरक पुरतो. राजकारणात याहून कमी पुरतो.

खरेदीआधी स्थळ बघावं तशी दोन्ही घराण्यांची चौकशी झाली. मी पुण्यात कंप्युटरवर काम करतो, म्हणजे इंजिनियर, म्हणजे मला कटर कळणारच, या न्यायाने पंच मी.

थोरल्यांनी आपली बाजू मांडली. आंद्रेआस श्टील नावाच्या गृहस्थाने 1926 साली जर्मनीत श्टुटगार्टला कारखाना काढला आणि त्याच साली विजेवर चालणारी करवत तयार केली. वजन 64 किलो, धरायला दोन माणसं.

“म्हणजे झाडाच्या आधी माणूस आडवा,” धाकटे म्हणाले. “आणि जंगलात वीज कुठून आणायची? आपल्याकडे तर भर गावात नाही.”

मग धाकट्यांनी आपलं पान टाकलं. हुस्कवार्नाची स्थापना 1689 ची. स्वीडनच्या राजाला बंदुका पुरवणारा कारखाना. पुढे शिलाई मशीन, मग सायकल, मग मोटरसायकल आणि शेवटी करवत.

1689 म्हटल्यावर थोरले गंभीर झाले. आमच्या जिल्ह्याला ते साल विसरता येत नाही. त्याच वर्षी संगमेश्वरी शंभूराजे पकडले गेले. थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, “मग चार बंदुका तेव्हा इकडे पाठवायच्या होत्या. आता करवती पाठवून काय उपयोग?” याला धाकट्यांकडे उत्तर नव्हतं. स्वीडनच्या राजाकडेही नसतं.

पंच म्हणून मी एक समेटाचा मुद्दा काढला. स्टिलने एकट्या माणसाला सहज पेलेल अशी ‘कॉन्ट्रा’ नावाची करवत 1959 साली बाजारात आणली, आणि हुस्कवार्नाची पहिली करवतही 1959 चीच. म्हणजे हे वैर महाराष्ट्र राज्यापेक्षा एक वर्षाने थोरलं. शिवाय स्टिलचा भारतातला कारभार चाकणहून चालतो. आणि हुस्कवार्नाच्या मोटरसायकलींचं नाव 1987 पासून वेगळ्या मालकांकडे फिरत फिरत शेवटी केटीएमच्या घरात आलं, आणि त्या नावाच्या गाड्या बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार झाल्या. जर्मनी काय नि स्वीडन काय, दोघांचीही वाट शेवटी चाकणच्या कांद्याच्या बाजारावरून जाते. समेट काही झाला नाही. “चाकण घाटावर आलं,” दोघे एका सुरात म्हणाले, आणि पंचाची लायकी ठरली.

वंशावळ चाळताना मला मात्र तिसऱ्याच माणसाने भुरळ घातली. मॅक्युलक नावाची एक अमेरिकन करवत होती. तिच्या मालकाने 1968 साली लंडन ब्रिज विकत घेतला. खरा, थेम्स नदीवरचा. 24 लाख 60 हजार डॉलर मोजून त्याचे दगड त्याने ॲरिझोनाच्या वाळवंटात नेले आणि तिथे आपण वसवलेल्या गावात पूल पुन्हा उभा केला. आज ते मॅक्युलक नावही हुस्कवार्नाच्या पदरी आहे. धाकट्या काकांनी ताबडतोब हा पूल आपल्या पक्षाच्या खात्यात जमा केला. थोरले म्हणाले, “त्या गृहस्थाला आमचा साकव का नाही कोणी दाखवला? दगडसुद्धा सुटे करून ठेवलेत.”

मशीनं घरी आल्यावर तांत्रिक फेरी सुरू झाली. स्टिलच्या बऱ्याच मॉडेलांची टाकीची झाकणं पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी उघडतात. थोरल्यांच्या मते ही मानवजातीची प्रगती. धाकट्यांच्या मते जे सहज उघडतं ते सहज गळतं, साध्या आट्यांच्या झाकणासारखा विश्वासू दुसरा कोणी नाही. उलट हुस्कवार्नाचा चेनचा ब्रेक बाजूच्या कव्हरात असतो. ब्रेक लागलेला असताना कव्हर काढलं, की तो सोडवल्याशिवाय ते परत बसत नाही. थोरले याला खोड म्हणतात. धाकटे म्हणतात, “ती शिस्त आहे. मशीन विचारतंय, तू डोकं ठिकाणावर ठेवून काम करतोयस ना?” ज्या गोष्टीला समोरच्याच्या यंत्रात दोष म्हणतात, तिला आपल्या यंत्रात स्वभाव म्हणतात. नवऱ्यांच्या बाबतीतही हेच असतं, असं काकू आतून म्हणाली. तिचं कोणी मनावर घेतलं नाही.

टिकाऊपणाचा निकाल मात्र कारखान्यात लागत नाही, शेजारी लावतात. गावात कटर घेतल्याची बातमी मशीनच्या आधी घरी पोचते. एका दिवसाच्या बोलीने नेलेलं मशीन होळीला जातं आणि आगोटीला परत येतं. हे टू-स्ट्रोक इंजिन. लीटरभर पेट्रोलमध्ये 20 मिलिलीटर टू-टी ऑइल मिसळायचं, कारण आतल्या पिस्टनला वंगण म्हणून दुसरं काही मिळतच नाही. नेणाऱ्याला वाटतं, मालक चिक्कू आहे, तेल घालून पेट्रोल वाचवतो. तो उदार मनाने शुद्ध पेट्रोल भरतो. मशीन छान चालतं, जरा जास्तच छान चालतं, मग एक किंकाळी मारतं आणि पिस्टन आत चिकटतो. आमच्या पडवीतल्या एका मशीनचं असं एकदा झालंय. कंपनी सांगत नाही. घरात राहायचं आहे.

शेजाऱ्याच्या तावडीतून वाचलं, तर पावसाळा टपलेलाच असतो. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला ओल प्यायची सवय. टाकी भरून मशीन चार महिने माळ्यावर ठेवलं, की दसऱ्याला दोरी ओढून ओढून खांदा उतरतो पण कार्बोरेटरला जाग येत नाही. जर्मन असो की स्वीडिश, कोकणच्या पावसात दोघेही सारखेच कुजतात.

या सगळ्यात प्रत्यक्ष झाड तोडणारा कटरवाला कधी तोंड उघडत नाही. गेल्या हिवाळ्यात मागच्या परसातला, निम्मा वठलेला आंबा रीतसर परवानगी काढून पाडायचा होता. दोन्ही काका आपापलं मशीन घेऊन खळ्यात उभे. कटरवाल्याने दोन्ही उचलून वजन पाहिलं, दोन्हीची दोरी ओढली, दोन्ही खाली ठेवली आणि खिशातून गोल कानस काढली.

मग तो पडलेल्या माडाच्या ओंडक्यावर बसला. मशीन मांडीवर आडवं घेतलं, चेनवर अंगठ्याचं नख घासून पाहिलं आणि एकेक दात घासायला लागला. कानस पुढे ढकलताना दाब, मागे घेताना उचलून. प्रत्येक दाताला तीनच हात, ना कमी ना जास्त. आधी उजव्या अंगाचे सगळे, मग मशीन फिरवून डाव्या अंगाचे. एका अंगाला जास्त घासलं तर पातं लाकडात तिरकं चालतं, हे त्याने मला न विचारता सांगितलं. त्याला मी पंच असल्याचं कळलेलं नसावं. मग त्याने ओंडक्यावर पातं टेकवलं आणि उडालेला भुसा मुठीत घेऊन काकांच्या पुढे धरला. “ढलप्या पडल्या तर धार हाय. पीठ पडलं तर तुमी नुसतं पेट्रोल जाळताय.”

“ते ठीक. पण कंपनी कोणती चांगली?” थोरल्यांनी नेमकं विचारलं.

“काका, झाडाला काय नाव वाचता येतंय थोडंच?”

आंबा पडला. खोडाचे तुकडे करताना आत पोखरलेल्या बोगद्यातून बोटाएवढी, पांढरी, गुबगुबीत अळी बाहेर आली. भिरूड. याच मेल्याने झाड खाल्लं होतं. तिला बघून मला पंचपदाला शोभेल अशी एकमेव गोष्ट आठवली. 1946 साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या अशीच एक अळी बघत बसला होता. जुन्या चेनचे दात सारखे बोथट व्हायचे, आणि ही अळी मात्र लाकूड उभं-आडवं कसंही कुरतडत पुढे जात होती. तिचे जबडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चालत होते. त्याने घरच्या तळघरात त्या जबड्यांची पोलादी नक्कल केली. आजच्या चेनचा दात त्याच नकलेचा वंशज, मशीनवर नाव कोणाचंही असो. ती ओरेगनची अळी आणि आमचा भिरूड एकाच कुळातले, लांब मिशांच्या भुंग्यांची पोरं.

म्हणजे दोन्ही काकांनी हजारो रुपये मोजून घरी आणला तो मुळात भिरूडच. मूळ मॉडेलला पेट्रोल लागत नाही, कानस लागत नाही, सुटे भाग मागवावे लागत नाहीत, आणि ते कोणी उसनं नेत नाही. टिकाऊपणाचा पहिला क्रमांक मी तिथेच जाहीर केला. कटरवाल्याने विजेत्याला उचलून कोंबड्यांपुढे टाकलं.

तेव्हापासून थोरल्यांच्या मशीनची चेन बदलली, पातं बदललं, प्लग आणि एअर फिल्टर बदलला. धाकट्यांच्या मशीनचं स्प्रॉकेट आणि दोरीही बदलली. दोघांच्या मते आपलं मशीन मात्र तेच आहे आणि अजून नव्यासारखं चालतं. वादाचा एकही भाग बदलावा लागलेला नाही.

हा वाद मिटेल असं मला वाटत नव्हतं. पण यंदा चुलतभाऊ मुंबईहून बॅटरीवरचा कटर घेऊन आला. हल्ली स्टिलही असे बनवते आणि हुस्कवार्नाही. धूर नाही, दोरी ओढणं नाही, तेल मिसळणं नाही. बटण दाबलं की लाकूड कापलं जातं. भावाने फणसाची एक फांदी सफाईने उतरवून दाखवली. काका दोघेही जवळ आले. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहिलेलं पाहिलं.

“याला आवाजच नाही,” थोरले म्हणाले.

“तेच तर,” धाकटे म्हणाले. “बांधावरचं झाड आपण तोडतोय, हे मग पलीकडच्या भाऊबंदांना कळणार कसं?”