कॅप्टनचं कपाट

आमच्या नव्या पेठेतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक कॅप्टन राहतो. त्याने अजून विमान चालवलेलं नाही. चालवतो ती वडिलांची ॲक्टिव्हा, आणि तीही भीतभीत. कुठलंही वाहन हातात घेण्याआधी त्याची पुस्तिका आद्यंत वाचलेली असावी असं त्याचं मत आहे, आणि ॲक्टिव्हाची पुस्तिका घराला रंग देताना हरवली. 'कॅप्टन' हे नाव कुरिअरवाल्याने पाडलं. दर दहा-पंधरा दिवसांनी विटांच्या वजनाचं पार्सल तीन जिने चढवायचं (लिफ्ट आहे, पण तिच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल) म्हटल्यावर माणूस एवढा सूड उगवणारच.

कॅप्टन हुशार आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात उत्तम गुण होते. पुढे इंजिनिअरिंग उरकलं, हिंजवडीत तीन वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या आणि एका संध्याकाळी कंपनीच्या ओळखपत्राची दोरी खुंटीला अडकवून त्याने जाहीर केलं की आपण पायलट होणार. वैद्यकीय तपासणीत डोळे, कान, हृदय, सगळं ठणठणीत निघालं. परीक्षेला बसण्यासाठी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, एक कॉम्प्युटर नंबर देतं, तोही आला. तो नंबर कॅप्टन गोत्र सांगावं तसा सांगतो. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं, पण कॅप्टनचा बेत आधी लेखी पेपर संपवायचा होता. नेव्हिगेशन, हवामान, हवाई नियम, टेक्निकल. पर्याय दिलेले प्रश्न, पास व्हायला ७० टक्के, चुकलं तर गुण कापत नाहीत.

"मग देऊन टाक की," मी म्हणालो.

"देणार ना काका. पण आधी मटेरियल फायनल व्हायला हवं."

या संवादाला आता चार वर्षं होतील.

मटेरियलची सुरुवात अर्थातच अप्पा बळवंत चौकात झाली. पोलीस भरतीपासून पीएच.डी.पर्यंत माणसाला जे जे म्हणून पास व्हावंसं वाटतं, त्याचं पुस्तक या चौकात मिळतं अशी पुणेकरांची श्रद्धा आहे. कॅप्टनने एका जुन्या दुकानात जाऊन सांगितलं, "पायलटचं पाहिजे." काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "निळं की काळं?" आणि पायलट कंपनीची दोन पेनं पुढे सरकवली. कॅप्टन अपमान गिळून बाहेर पडला. त्याच रात्री त्याने दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधल्या हिमालयन बुक्सकडे पहिली ऑर्डर नोंदवली आणि आमच्या जिन्याचे भोग सुरू झाले.

पहिल्यांदा ऑक्सफर्ड आलं. म्हणजे संपूर्ण संच, चौदा खंड. हे युरोपच्या एअरलाइन पायलटांसाठी लिहिलेले. तिकडे विषयच तेरा-चौदा. आपल्या पेपरांना त्यातले सगळे लागत नाहीत. हे कॅप्टनला ठाऊक होतं, पण संच फोडणं त्याच्या प्रकृतीला मानवेना. मग हवाई नियमांसाठी आर. के. बाली आले, हवामानासाठी आय. सी. जोशी आले, नेव्हिगेशनच्या उदाहरणांसाठी कीथ विल्यम्स आले. जुन्या बाजारातून एका रविवारी हवाई दलाच्या शिक्क्याचं, पाठ निखळलेलं एक नेव्हिगेशन आलं. त्यात नाशिक अजून 'नासिक' होतं. कपाट भरलं. कपाटातल्या साड्या पलंगाखालच्या बॅगेत गेल्या, आणि वहिनींनी, म्हणजे कॅप्टनच्या आईने, माझ्याकडे पहिली तक्रार नोंदवली.

कॅप्टनची निवडण्याची पद्धत मात्र शास्त्रशुद्ध. पुस्तक आलं की तो ते वाचत नाही, तपासतो. आधी कागद, मग आकृत्या, मग शेवटची सूची. हवामानाच्या पुस्तकाला त्याची एकच कसोटी: मान्सूनला पानं किती? ऑक्सफर्डमध्ये अटलांटिकवरचे फ्रंट, बर्फ आणि धुकं यांचं ज्या मायेने कौतुक आहे, तसं आपल्या पावसाचं नाही, यावर तो तासभर बोलू शकतो. "काका, आपल्या घरापासून सिमला ऑफिस किती लांब? १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून उचलून पुण्यात आणलं, म्हणून त्या इमारतीला सिमला ऑफिस म्हणतात. आणि मी इथे बसून इंग्लिश खाडीवरचं धुकं पाठ करू?" या मुद्द्यावर जोशी जिंकायला हवेत. वहिनींचंही मत जोशींनाच होतं, पण ते केवळ आडनावावरून. कॅप्टनने निकाल राखून ठेवला, कारण जोशींच्या आकृत्या ऑक्सफर्डइतक्या देखण्या नाहीत.

तो नुसता बोलघेवडा असता तर मी हा लेख दोन परिच्छेदांत संपवला असता. पंचाईत अशी की त्याला खरोखर येतं. गेल्या मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमारास, पारा चाळिसावर असताना तो घाम पुसत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, या घटकेला आपलं लोहगाव कळसूबाईच्या शिखरावर आहे." मी त्याला आधी पाणी दिलं. मग त्याने माझ्या वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १९४२ फुटांवर. प्रमाण वातावरणात समुद्राकाठी १५ अंश आणि दर हजार फुटांना साधारण दोन अंश कमी, म्हणजे त्या उंचीवर ११ अंश असायला हवेत. आहेत ४०. एकोणतीस अंश जास्त. हवा तापली की विरळ होते आणि दर अंशामागे विमानाला आपण साधारण १२० फूट आणखी वर आहोत असं वाटतं. गुणा, मिळवा: ५४०० फूट. "आणि कळसूबाई?" तो म्हणाला. मी गुपचूप फोनवर पाहिलं. १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. त्या दिवसापासून उन्हाळ्यात घरावरून जाणाऱ्या विमानाचा आवाज आला की मला ते शिडीवरून धापा टाकत चढताना दिसतं.

हे गणित कुठल्या पुस्तकात आहे, असं मी विचारायला नको होतं. "सगळ्यांतच आहे," तो खिन्नपणे म्हणाला. "तोच तर प्रॉब्लेम आहे."

हिशेबाची उपकरणंही अशीच जोडीने आली. ई-६बी नावाची एक चकती असते. वारा, वेग, इंधन, सगळं तिच्यावर फिरवून काढायचं. बॅटरी लागत नाही. जेपसनची गोल सीआर-३ ही तिची सवत. कॅप्टनने दोन्ही घेतल्या आणि दोन्हींतली कोणती, हा प्रश्न अनिर्णीत ठेवला. त्यांचा आजवरचा एकमेव व्यावहारिक उपयोग वहिनींनी केला. दिवाळीच्या आधी घाऊक तुपाचा डबा आणायचा होता. एक दुकानदार लिटरने देत होता, दुसरा किलोने, आणि स्वस्त कुठलं ते कळेना. कॅप्टनने तुपाची घनता घालून चकती फिरवली आणि पाच सेकंदांत उत्तर दिलं. पण वहिनींना डबा घेऊन जाऊ देईना. आधी १९८३ सालची गोष्ट ऐकवली. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७मध्ये इंधन भरताना किलोंच्या जागी पौंडांचा हिशेब झाला. हव्या त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालं, वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली, आणि वैमानिकाने ते घार उतरावी तसं तरंगत गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. सगळे वाचले. "एककं, आई. एककं!" कॅप्टन म्हणाला. तोवर किलोवाल्याचं दुकान बंद झालं होतं.

त्याची कीर्ती अभ्यासिकेतून पसरली. आमच्या पेठेत दर चार घरांमागे एक अभ्यासिका. सगळे एमपीएससीवाले, खुर्चीचं भाडं महिन्याचं. कॅप्टनचीही खिडकीजवळ एक खुर्ची आहे. ती निवडायला त्याला सहा आठवडे लागले, कारण पंखा, उजेड आणि चहावाल्याची हाक यांचा मेळ बसेना. पायलट होऊ पाहणारी मुलं त्याला तिथे शोधत येतात. तो कुणालाही नाही म्हणत नाही. पेन्शनर आंब्यांवर बोलतात त्या तन्मयतेने तो आवृत्त्यांवर बोलतो. मुलं वह्या भरतात. जाताना हमखास विचारतात, "मग घेऊ कुठलं?" आणि कॅप्टन म्हणतो, "ते प्रत्येकाने आपापलं ठरवायचं असतं."

एक साताऱ्याची मुलगी घरीच आली होती. तिने दोन तास ऐकून घेतलं, चहा संपवला, कपाटावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "दादा, यातलं तुमच्याकडे दोनदा काय आहे?" बाली दोनदा होते, कुरिअरच्या घोळात एक प्रत जास्तीची आली होती. तिने ती अर्ध्या किमतीत घेतली, जोशींच्या काही पानांचे फोटो काढले आणि गेली. पहिल्या खेपेत दोन्ही पेपर सुटले. सध्या ती गोंदियाला उडते. कॅप्टनला तिचा अभिमान आहे, पण तिच्या पद्धतीबद्दल त्याला अजून शंका आहे.

२०२४च्या डिसेंबरात मात्र चमत्कार घडला. हवाई नियमांचं पुस्तक त्याने कायमचं निवडलं. वहिनींनी शिरा केला. मला वर बोलावून त्याने पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, वर नाव घातलं, पहिल्या धड्यातली 'एअरक्राफ्ट ॲक्ट, १९३४' ही ओळ पट्टीने अधोरेखित केली. १ जानेवारी २०२५ला भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आणि नव्वद वर्षांचा तो कायदा गेला. इतकंच नव्हे, रेडिओ टेलिफोनीची जी परीक्षा इतकी वर्षं दूरसंचार खात्याकडे होती, तिचा अधिकारही नव्या कायद्याने डीजीसीएकडे आला. मी सांत्वनाला वर गेलो. कॅप्टनचा चेहरा दसऱ्याच्या दिवशी फुलबाजार असतो तसा टवटवीत होता. "बघितलंत काका? घाई केली असती तर?" अधोरेखित ओळीवर त्याने पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं आणि पुस्तक पुन्हा कपाटात, 'विचाराधीन' असं लिहिलेल्या खणात ठेवलं.

यावर मी एक आगाऊपणा केला. मला कुठेतरी वाचलेला तो एल्रे जेपसन आठवला. १९३०च्या सुमारास अमेरिकेत टपालाची विमानं उडवायचा. नकाशे धड नव्हते, सोबती डोंगरांना धडकून मरत होते. त्याने दहा सेंटची एक काळी वही घेतली आणि टेकड्या, धुराडी, पाण्याच्या टाक्या यांच्या उंच्या, शेतकऱ्यांचे फोन नंबर, सगळं तिच्यात टिपत गेला. १९३४पासून त्याच्या नोंदी दहा डॉलरला विकल्या जाऊ लागल्या, आणि आज जगभर वैमानिक जेपसनचे नकाशे वापरतात. "मग तूही सगळ्यांतलं घेऊन स्वतःच्या नोट्स काढ ना," मी म्हणालो. "पुस्तक निवडायलाच नको."

कॅप्टन बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन फोनमधल्या बॅरोमीटरने त्याने आमच्या टाकीची उंची मोजली. मला वाटलं, सुटला. दुपारी तो अप्पा बळवंत चौकातून तीन वह्या घेऊन आला. एकरेघी, चौकटीची आणि कोरी. त्या माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"आणि काका, तो दुकानदार ओळखतो आता मला. मी काही म्हणायच्या आधीच म्हणाला, निळं की काळं?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, उद्या येतो."