स्टार खेळाडूची अदलाबदल: स्वामीमलै पद्धती

एका संघाने आपला खेळाडू दुसऱ्या संघाला द्यायचा आणि बदल्यात खेळाडू, रोकड किंवा दोन्ही घ्यायचे, या व्यवहाराला ट्रेड म्हणतात. खेळाडू साधा असेल तर हे काम कारकुनी असते आणि बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकते. खेळाडू स्टार असेल तर मालकाला ‘प्रदीर्घ विचारविनिमय’ करावा लागतो, खेळाडूला जुन्या संघाचे जाहीर आभार मानावे लागतात आणि चाहत्यांना आठवडाभर जेवण जात नाही. स्टार विकावा की विकू नये, यावरचे वाङ्मय विपुल आहे. ते जवळजवळ सगळे विक्री झाल्यानंतर लिहिलेले आहे.

या विषयाच्या अभ्यासाला तमिळनाडूतील स्वामीमलै हे गाव सोयीचे पडते. कुंभकोणमच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर, कावेरीच्या आसपास वसलेल्या या गावाची ख्याती दोन गोष्टींसाठी: साठ पायऱ्या चढून गेल्यावर लागणारे मुरुगनचे देऊळ आणि पंचधातूच्या मूर्ती ओतणारे स्थपती. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. त्याच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक. ओंकाराचा अर्थ मुलाने बापाला इथेच सांगितला आणि तो ऐकायला शंकर शिष्य होऊन बसले, अशी स्थलकथा आहे. मालकाने स्टारकडून समजावून घेतल्याची ही बहुधा पहिली आणि शेवटची नोंद. फळ भावाला मिळाले म्हणून रुसून कैलास सोडणारा आणि पळनीला जाऊन बसणाराही हाच देव. तेव्हा ट्रेडची मागणी करण्याचा मानही त्यालाच द्यावा लागतो. स्थलांतरानंतर त्याच्या अटी सुधारल्या, हेही नमूद केले पाहिजे. महाराष्ट्रात ब्रह्मचारी असलेल्या या देवाला तमिळ देशात वल्ली आणि देवसेना अशा दोन पत्नी आहेत.

दक्षिणेकडच्या देवळात मूर्ती दोन प्रकारच्या असतात. गाभाऱ्यातला मूलवर बहुधा दगडाचा असतो आणि जागचा हलत नाही. मिरवणुकीला निघतो तो उत्सवर धातूचा, खांद्यावर वाहून नेता येईल असा. आयपीएल क्रिकेटमधल्या चेन्नई सुपर किंग्ज या संघाने आपल्या स्टारांची विभागणी याच तत्त्वावर केलेली दिसते. महेंद्रसिंग धोनी मूलवर. संघावर बंदी आली त्या 2016 आणि 2017 या दोन हंगामांत हा मूलवर पुण्यात मुक्कामाला होता. पुण्यात देवाच्याही कामगिरीचा आढावा घेतला जातो. पहिल्या वर्षी आठ संघांत सातवा क्रमांक आल्यावर त्याचे कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला देण्यात आले. दुसऱ्या वर्षी पुणे अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरले आणि पाठोपाठ संघच निकालात निघाला. चेन्नईने देव परत नेला आणि 2018 मध्ये विजेतेपद घेतले. तेव्हापासून त्याचे वय, गुडघे आणि फलंदाजीचा क्रमांक हे विषय तिकडे चर्चेला घेतले जात नाहीत.

रवींद्र जडेजा उत्सवर. 2012 च्या लिलावात चेन्नईने त्याला वीस लाख डॉलर देऊन घेतले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. 2023 चा अंतिम सामना पावसामुळे लांबत लांबत 30 मे उजाडल्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर संपला. शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा हव्या होत्या. मोहित शर्माचा पाचवा चेंडू जडेजाने समोर सीमेबाहेर भिरकावला, सहावा पायांवर आला तो मागे फाइन लेगला वळवला, आणि धावत सुटला. धोनीने त्याला उचलून घेतले. मूलवराने उत्सवराला खांद्यावर घेण्याचा हा प्रसंग आगमशास्त्रात बसत नाही, पण त्या रात्री कुणी हरकत घेतली नाही.

15 नोव्हेंबर 2025 रोजी हा उत्सवर राजस्थान रॉयल्सकडे रवाना झाल्याचे जाहीर झाले. सोबत सॅम करन गेला. बदल्यात संजू सॅमसन आला. सॅमसनची किंमत अठरा कोटी होती, ती अठराच राहिली. जडेजाची अठरा होती, ती चौदा झाली. 2025 च्या हंगामात चेन्नई दहा संघांत दहावी आणि राजस्थान नववे होते, तेव्हा तळाच्या दोन संघांनी आपापल्या अपयशाचे कारण एकमेकांना देऊन टाकले, असे या व्यवहाराचे वर्णन करता येते. चेन्नईचा कर्णधार पुण्याचा ऋतुराज गायकवाड. कावेरीच्या मुलखात मराठी माणसाने कारभार हाती घेणे नवीन नाही. व्यंकोजीराजांनी ते 1670 च्या दशकात केले आणि त्यांच्या घराण्याची गादी 1855 पर्यंत चालली, तीही दर तीन वर्षांनी लिलावाला न बसता.

जडेजा मूळचा राजस्थानचाच. 2008 च्या विजेत्या संघात तो होता. 2010 मध्ये राजस्थानला डावलून दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याचा ठपका येऊन त्याला अख्खा हंगाम बाहेर बसावे लागले. यावरून नियम असा निघतो की, खेळाडूने गिऱ्हाईक शोधले तर तो शिस्तभंग आणि मालकाने शोधले तर ती दूरदृष्टी. आयपीएलच्या ट्रेडला खेळाडूची संमती लागते, हे मात्र खरे. नको असलेल्या घरात राहायचे की हवे असलेल्या घरात कमी पगारावर जायचे, एवढे स्वातंत्र्य त्याला असते.

बास्केटबॉलमध्ये तेवढेही नसते. अमेरिकेच्या एनबीएमध्ये ‘माझी बदली करू नये’ हे कलम करारात घालून घ्यायचे तर खेळाडूची लीगमध्ये आठ आणि त्या संघात चार वर्षे भरावी लागतात, आणि भरली तरी मालकाने ते कबूल करावे लागते. त्यामुळे फेब्रुवारी 2025 च्या सुरुवातीला डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिसकडे पाठवले, तेव्हा त्याला विचारण्याचा प्रश्नच आला नाही. डॉन्चिच पंचवीस वर्षांचा होता आणि आठ महिन्यांपूर्वी त्याने संघाला अंतिम फेरीत नेले होते. बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि 2029 सालचा पहिल्या फेरीतला एक निवडहक्क मिळाला. विजेतेपद बचावावर मिळते, असे कारण व्यवस्थापक निको हॅरिसन यांनी दिले. जाणकारांनी वजन, व्यायाम आणि पुढे द्यावा लागणारा सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरचा करार, अशी आणखी कारणे पुरवली. प्रेक्षकांनी घरच्या मैदानावर हॅरिसन यांना हाकला, असा घोष सुरू केला. तो नऊ महिने चालला आणि नोव्हेंबरमध्ये हॅरिसन यांना खरोखरच हाकलले. मधल्या काळात नवोदितांच्या सोडतीत जेमतेम 1.8 टक्के शक्यता असताना पहिला क्रमांक डॅलसलाच लागला आणि कूपर फ्लॅग हा तरुण हाती आला. व्यवस्थापनशास्त्रात याला दीर्घकालीन नियोजन म्हणतात.

मूर्तींची स्थिती याहून पुष्कळ बरी आहे. कलकत्त्याच्या मलिक कुटुंबात घरच्या देवाला कोणत्या घरी न्यायचे यावरून भांडण झाले आणि ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. 1925 मध्ये निकाल लागला: देव ही कुणाच्या मालकीची जंगम वस्तू नव्हे, ती कायद्याने व्यक्ती आहे, आपण कुठे राहावे याबद्दल तिची इच्छा लक्षात घेतली पाहिजे आणि ती मांडायला तिला हितसंबंध नसलेला प्रतिनिधी दिला पाहिजे. पत्तूर या गावातला नटराज जमिनीतून निघून परदेशी विकला गेला, तेव्हा उजाड झालेल्या देवळाच्या नावाने लंडनमध्ये दावा लढवण्यात आला आणि 1991 मध्ये मूर्ती परत मिळाली. मूर्तींच्या व्यापारातला न्यूयॉर्कचा बडा विक्रेता सुभाष कपूर याला 1 नोव्हेंबर 2022 रोजी खुद्द कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. थोडक्यात, पंचधातूच्या मूर्तीला व्यक्तीचे हक्क आहेत आणि हाडामांसाच्या डॉन्चिचला जंगम मालमत्तेचे.

यावर मालकांचे उत्तर तयार असते: कुणीही अपरिहार्य नाही, जागा भरून काढता येते. स्वामीमलैच्या कारखान्यांत या सिद्धान्ताची रोज परीक्षा होते. स्थपती नारळाच्या झावळीची पट्टी घडी घालून मूर्तीची मापे काढतो. आधी मूर्ती मेणाची घडते, बोटे आणि नखांसकट. तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचे थर चढतात, वर तारा आवळतात. साचा तापवला की मेण वितळून वाहून जाते आणि मोकळ्या जागेत रस ओततात. निवल्यावर साचा फोडतात. मेण गेलेले, माती फुटलेली. तीच मूर्ती पुन्हा काढायची सोय उरत नाही. दिल्लीत 2023 च्या जी-20 परिषदेसाठी उभारलेला सत्तावीस फुटी, सुमारे अठरा टनांचा नटराज असाच इथे घडला आणि रस्त्याने उत्तरेला गेला. त्याच्या बदल्यात दिल्लीकडून कुणी आले नाही.

जागा भरून काढण्याचा याच परिसरातला नामांकित प्रयोग म्हणजे शिवपुरमचा नटराज. 1950 च्या दशकात मूर्ती दुरुस्तीला म्हणून कुंभकोणमला गेली आणि देवळात परत आली ती नक्कल. पूजाअर्चा सुरू राहिली, भक्तांना फरक कळला नाही, आणि अस्सल मूर्ती हात बदलत 1973 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्टन सायमन यांच्या संग्रहाला गेली. समझोत्यानंतर ती 1986 मध्ये भारतात आली. संघमालकांनी या प्रयोगाचा अभ्यास केला नसावा, नाहीतर जडेजाची आठ क्रमांकाची जर्सी दुसऱ्याच्या अंगात घालून त्यांनी ट्रेड जाहीर करण्याचा खर्च वाचवला असता.

स्टार विकून फायदा झाल्याची उदाहरणे आहेत. एडमंटनने आइस हॉकीतला सर्वश्रेष्ठ वेन ग्रेट्झ्की 1988 मध्ये विकला आणि 1990 मध्ये त्याच्याविना चषक जिंकला. मालकांच्या बैठकीत हे उदाहरण नेहमी निघते. पुणेरी पलटणचे निघत नाही. कबड्डीत पलटणने इराणचा मोहम्मदरझा शादलू 2 कोटी 35 लाखांना घेतला, मार्च 2024 मध्ये हरियाणा स्टीलर्सला हरवून विजेतेपद मिळवले आणि मग त्याला मोकळे केले. हरियाणाने तो 2 कोटी 7 लाखांना उचलला आणि डिसेंबरमध्ये विजेतेपद पटकावले. अंतिम सामना बालेवाडीत झाला. पलटण बाद फेरीतही नव्हती, त्यामुळे पुणेकरांना सामना निःपक्षपातीपणे पाहता आला.

तेव्हा विकावा की नाही, याचा निवाडा असा: विकायला हरकत नाही, पण मग पुढच्या हंगामात जर्सीच्या दुकानावर भक्ती, कुटुंब आणि पिवळे रक्त हे शब्द छापू नयेत. चेन्नईने हा निवाडा येईपर्यंत थांबण्याचे कारण नव्हते. 16 डिसेंबर 2025 रोजी अबुधाबीच्या लिलावात त्यांनी जडेजासारखाच डावखुरा फिरकी गोलंदाज आणि फलंदाज असलेला, भारताकडून एकही सामना न खेळलेला वीस वर्षांचा प्रशांत वीर घेतला. त्याची किंमत 14 कोटी 20 लाख पडली. जडेजाच्या नव्या किमतीपेक्षा ती वीस लाखांनी जास्त आहे.