पेशीत दडून बसणाऱ्या ओरिएन्टिया जिवाणूस खुले पत्र

ओरिएन्टिया त्सुत्सुगामुशी,

तुला 'प्रिय' लिहिणार नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि विदर्भाच्या गावागावांत स्क्रब टायफसनं माणसं नेलीस, ती आमची होती.

आणि काय तुझा तो पराक्रम! स्वतः चालता येत नाही, म्हणून गवतातल्या माइटच्या इवल्याशा पिल्लाच्या तोंडून शिरायचं, तेही निंदायला वाकलेल्या बाईच्या अंगात. तिथून रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशीत. पेशी तुला पचवायला पिशवीत कोंडते. ती पिशवी फोडून तू निसटतोस, पेशीच्याच वाहक प्रथिनाला जुंपून केंद्रकाशेजारी जाऊन बसतोस, तिच्याच अन्नावर पोसला जातोस. निघतानाही तिचंच पटल पांघरून निघतोस. स्वतःचं असं तुझ्याजवळ आहे तरी काय?

तुझं फावतं ते आमच्यामुळे. तापाच्या माणसाला सेफट्रायॅक्सोनची इंजेक्शनं सुरू होतात. ते औषध जिवाणूची भिंत बांधू देत नाही. पण ते पेशीच्या आत पुरेसं पोचत नाही, आणि तुझ्या भिंतीत त्याला धरायला फारसं काही नसतंही. जेंटामायसिनही बाहेरच अडकतं. ताप हटत नाही, घरचे उधारी करून सलाइन आणत राहतात, तोवर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं जायला लागतात. याचा मला संताप येतो, कारण उपाय स्वस्त आहे.

डॉक्सिसायक्लिन तुला चांगलं ठाऊक आहे. ते पेशीचं पटल ओलांडतं, मग तुझं, आणि तुझ्या रायबोसोमच्या लहान भागाला चिकटून प्रथिनं बनवणंच बंद पाडतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशीत रक्तापेक्षा कितीतरी पट साठतं आणि त्याच रायबोसोमचा मोठा भाग पकडतं. भारतातल्याच गंभीर रुग्णांवरची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. मृत्यू, न हटणारा ताप किंवा टिकून राहिलेली गुंतागुंत यांपैकी काहीतरी वाट्याला आलेले रुग्ण एकाच औषधावर ४७-४८ टक्के होते, दोन्ही शिरेतून एकत्र दिल्यावर ३३ टक्के. मृत्यू मात्र त्यानंही कमी झाले नाहीत. या औषधांपर्यंत पोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो, असं मला वाटतं.

काखेत, कमरेला, मांडीच्या सांध्यात तू एक काळी खपली ठेवून जातोस. दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. ती शोधा, सापडली की अहवालासाठी थांबू नका, डॉक्सिसायक्लिन लगेच सुरू करा, हे मी यंदा पेरण्या होताच प्रत्येक दवाखान्याच्या पायरीवर जाऊन सांगणार आहे.