रिमोटला हळदकुंकू

आमच्या कार्यालयात दोन राष्ट्रं नांदतात. एक एसीच्या झोताखाली बसतं आणि बाराही महिने शाल पांघरतं. दुसरं खांबाआड बसतं आणि मे महिन्यात फाइलीने वारा घेतं. शालवाल्यांना २६ हवं असतं, खांबवाल्यांना १८. रिमोटवरून रोज जुंपते. पण त्या गारव्याबरोबर नाकात आणखी काय शिरतं, यावर आजवर एकाही बाजूने तोंड उघडलेलं नाही.

सोमवारी मात्र दोन्ही राष्ट्रांत एकी होते. सकाळी एसी लागला की ओल्या पायपुसण्याचा वास सुटतो आणि सगळे एकमेकांच्या मोज्यांकडे बघू लागतात. मोजे बिचारे निर्दोष. थंड कॉइलवर जमलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये उतरतं. ट्रेचा पाइप तुंबला की ते तिथेच मुक्काम करतं, त्यात धूळ मिसळते, बुरशी धरते, बुळबुळीत थर चढतो. शनिवार-रविवार ही वसाहत सुखाने वाढते आणि सोमवारी पंखा फिरला की तिची खबर सगळ्यांना लागते. मग शिपाईमामा मोगऱ्याचा स्प्रे मारतात. पायपुसण्याला मोगऱ्याचा वास येऊ लागतो आणि तक्रार निकाली निघते.

फारच लावून धरलं तर एसीवाला येतो. शिडी न मागता, खालूनच मान वर करून निदान करतो, "गॅस कमी झालाय." सर्दी, डोळ्यांची चुरचुर, छतातून फाइलींवर होणारा अभिषेक, सगळ्यावर औषध एकच: गॅस. जाळी धुणार का, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "तुमच्या एएमसीत ड्राय सर्व्हिस आहे साहेब. वेट सर्व्हिसचे वेगळे पैसे." म्हणजे अंघोळ करारात नाही, पावडर लावून मिळेल.

एसीचा जन्म मुळात माणसासाठी झालाच नव्हता म्हणा. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा-आकसायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने त्यावर तोडगा म्हणून ही यंत्रणा आखली. आमच्या व्यवस्थापनाने ती परंपरा निष्ठेने जपली आहे. सर्व्हर रूमच्या एसीची जाळी दर महिन्याला धुतली जाते. सर्व्हरला खोकला परवडत नाही.

भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो, अशी आमच्या साहेबांची श्रद्धा आहे. बाहेरच्या डब्याशी जोडलेल्या तांब्याच्या नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नाही. खोलीतली हवा ओढायची, गार करायची आणि पुन्हा खोलीतच सोडायची, एवढंच त्याचं काम. मीटिंग रूममध्ये बारा जण दार लावून बसले की बाराही जण एकमेकांचे उच्छ्वास वाटून घेतात. बाहेरच्या हवेत दहा लाखांत साधारण सव्वाचारशे भाग कार्बन डायऑक्साइड असतो. बंद खोलीत तो बघता बघता हजारापलीकडे जातो. चौथ्या स्लाइडला डोळे मिटतात त्याला सेल्सचे आकडे एकटेच जबाबदार नाहीत. खिडकी उघडावी, तर तिच्यासमोर कपाट आहे, कपाटावर ट्रॉफी आहेत आणि ट्रॉफींपैकी एक 'उत्तम कार्यस्थळा'ची आहे.

मोठ्या इमारतींची गोष्ट आणखी गंभीर. त्यांच्या गच्चीवर कूलिंग टॉवर असतात आणि त्यांतलं कोमट पाणी निगा राखली नाही तर जंतूंची धर्मशाळा होतं. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर २२१ जण न्यूमोनियासारख्या आजाराने पडले, ३४ दगावले. कारण सापडायला पुढचं वर्ष उजाडलं. जंतूला नाव मिळालं लीजनेला आणि संशयाची सुई हॉटेलच्या कूलिंग टॉवरवर स्थिरावली. जर्मनीत आता इमारतींच्या हवेच्या यंत्रणांसाठी स्वच्छतेची वेगळी नियमावली आहे. हवेत ओलावा सोडणारी यंत्रणा असेल तर दर २ वर्षांनी तपासणी, नसेल तर दर ३ वर्षांनी.

तपासणी आमच्याकडेही होते. गेल्या महिन्यात एक गृहस्थ फॉर्म घेऊन फिरले. अग्निशामक नळकांड्याची तारीख पाहिली, पाण्याच्या फिल्टरवरचं कार्ड पाहिलं. 'वातानुकूलन' या रकान्यापुढे त्यांनी हात वर करून गारवा जोखला आणि लिहिलं, 'चालू'. छतातल्या जाळीभोवतीचा काळा डाग त्यांच्या डोक्यावरच होता. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, त्याला कार्ड आहे. हवा दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास ओढतो, तिला काय आहे? मोगऱ्याचा स्प्रे.

कार्यालयात शिडी नाही असं नाही. खंडेनवमीला ती स्टोअरमधून निघते. झेंडूची तोरणं चढतात, कॉम्प्युटरला, प्रिंटरला, गेल्या वर्षी तर एसीच्या रिमोटलाही हळदकुंकू लागलं. तोरण बांधणारा एसीपासून वीतभर अंतरावर होता. दोन खटक्यांत झाकण उघडलं असतं.

यंदा तो वर चढला की त्याला एवढंच सांगा: जाळी काढून खाली दे. ती पांढऱ्या कागदावर आपटा आणि तो कागद तसाच साहेबांच्या टेबलावर ठेवा. अर्ज लिहायची गरज नाही.