पुरात नोकरी गेलेला माणूस

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आमच्या अण्णांच्या तीन नोकऱ्या एका रात्रीत गेल्या. खरं तर तिन्ही त्यांनी कधीच्या सोडल्या होत्या, पण कागदोपत्री त्या गेल्या तेव्हा. भांडीकुंडी माडीवर चढवली, शेळी पाहुण्यांकडे धाडली. पलंगाखालची पत्र्याची पेटी तेवढी विसरली. चिखल उपसून ती उघडली, तर नेमणुकीची पत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाच्या पावत्या, सगळ्यांचा मिळून एकच लगदा. आणि नेमकं त्याच वर्षी अण्णांना ५८ पूर्ण झालेली. म्हणजे पेन्शनचा अर्ज भरायचं वय.

पुरानंतर सांगलीत असा माणूस गल्लोगल्ली दिसतो. ओळखायला सोपा. हातात कॅरीबॅग, तिच्यात दुसरी कॅरीबॅग, तिच्यात झेरॉक्सची झेरॉक्स. पूर्वी हा लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब करायचा. आता एसटीचं तिकीटही लॅमिनेट करून आणतो.

अण्णांना तारखा सोडून सगळं आठवतं.

"सातारला कधी लागलात, काका?" फंडाच्या ऑफिसातल्या कारकुनानं विचारलं.

"गणपती दूध प्याला बघा, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे सप्टेंबर १९९५. आपली पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची."

"मग दोन महिने गणपतीच्या नावावर घाला की!"

"आणि सोडली कधी?"

"भूजचा भूकंप झाला त्या सकाळी आम्ही कारखान्यात झेंड्याला सलाम करत होतो. मालकानं जिलेबी वाटली. त्यानंतर एक दिवाळी तिथंच झाली. पुढचं धूसर आहे."

कारकुनाला जिलेबी नको होती, खाते क्रमांक हवा होता. नोकरी बदलली तरी न बदलणारा बारा आकडी नंबर आला २०१४ मध्ये. अण्णांची शेवटची नोकरी त्याच्या आधीच संपलेली. पेन्शनला दहा वर्षांची सर्व्हिस लागते. सांगलीतल्या दोन नोकऱ्यांची मिळून पाच वर्षं कशीबशी सापडली. बाकीची सातारला अडकली होती.

म्हणून पेठनाका, कराड करत आम्ही दोघं एसटीनं सातारला गेलो. एमआयडीसीत कारखान्याच्या जागी गोदाम होतं. पहारेकऱ्यानं सांगितलं, "जुने मालक पुण्याला." पुण्यात कुठं, तर "पुण्यातच." अण्णा कोपऱ्यावरच्या टपरीवर मटकन बसले. टपरीवाल्यानं चष्मा वर केला, त्यांना निरखलं आणि म्हणाला,

"अण्णा न्हवं? तुमचं अडतीस रुपये हायत."

अण्णांचा चेहरा असा उजळला, की येणं त्यांचंच आहे असं कुणालाही वाटावं. टपरीवाल्यानं फळीवरून वह्यांचा गठ्ठा काढला. पहिला चहा सप्टेंबर १९९५. शेवटची कांदाभजी मार्च २००२. मधे आजारपणाचे खाडेसुद्धा कोरे सोडलेले. मालकाच्या मस्टरमध्ये चूक झाली असेल, उधारीत नव्हती.

चहाची वही सरकारी पुरावा नव्हे, हे कारकुनानं ऐकवलंच. पण कोणत्या साली शोधायचं ते तिनं सांगितलं. कारखान्यानं त्या वर्षांत भरलेल्या जुन्या तक्त्यांत अण्णांचं नाव निघालं. आडनावाची वेलांटी चुकलेली, पण माणूस तोच. दहा वर्षं भरली. पेन्शन बसली महिना १००० रुपये, कायद्यानं किमान तेवढी.

पहिली पेन्शन जमा झाली तशी अण्णांनी सातारची एसटी पकडली. भाडं उधारीच्या कितीतरी पट. टपरीवर त्यांनी अडतीस रुपये मोजून ठेवले. टपरीवाला खात्यावर काट मारणार, तेवढ्यात अण्णांनी त्याचा हात धरला.

"थांब गड्या. आधी पानाची झेरॉक्स काढून आणतो."