सात दिवस आधी

१४ मार्च १९२५ रोजी बगदादमध्ये एका करारावर सह्या झाल्या आणि इराकच्या जमिनीतलं तेल टर्किश पेट्रोलियम कंपनीच्या ताब्यात गेलं. मुदत ७५ वर्षं. २१ मार्चला राजा फैसलने देशाच्या राज्यघटनेवर सही केली. संसद भरली ती त्याच्याही नंतर. देशाला स्वतःचा कायदा मिळण्याच्या सात दिवस आधी तिजोरीची किल्ली परक्याच्या कनवटीला लागली होती, थेट २००० सालापर्यंत.

हे सात दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. इराकचं नाव बातम्यांत आलं की टीव्हीवर कोणीतरी हमखास म्हणतं, ती माणसं तेराशे वर्षं एकमेकांच्या उरावर बसलेली आहेत, शिया-सुन्नी भांडण त्यांच्या रक्तातच आहे. ऐकलं की राग येतो. रक्तात आहे म्हटलं की चौकशीच संपते. सह्या कोणी केल्या, नकाशे कोणी काढले, पैसा कुठे गेला, हे विचारायची मग कुणाला गरजच उरत नाही.

१९२० च्या रमजानमध्ये बगदादच्या मशिदींत काय चाललं होतं ते बघा. शिया आणि सुन्नी एकत्र जमत होते. पैगंबरांच्या जन्माचा मौलूद आणि करबलाचा शोक एकाच बैठकीत होत होता. त्याआधीच्या एप्रिलमध्ये इटलीतल्या सान रेमो गावी इराकचा मॅन्डेट, म्हणजे पालकत्वाच्या नावाखालचा ताबा, ब्रिटनला देण्याचं ठरलं होतं. त्याच मुक्कामात ब्रिटन आणि फ्रान्सने मेसोपोटेमियाच्या तेलाची वाटणीही उरकली. इराकी माणूस त्या खोलीत नव्हता. उन्हाळ्यात फुरात नदीकाठचा मुलूख पेटला. तो विझवायला हिंदुस्थानातून पलटणी गेल्या, वरून विमानांतून बॉम्ब पडले, हजारो माणसं मेली. त्या वर्षी शिया आणि सुन्नी एका बाजूला होते. हे टीव्हीवर कोणी सांगत नाही.

आपल्याकडे बसरा म्हटलं की नथीतले मोती आठवतात. पण साताऱ्याकडच्या, रत्नागिरीकडच्या जुन्या घरांना बसरा वेगळ्याच कारणाने माहीत आहे. साताऱ्याजवळच्या एका गावात देवळाशेजारच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी मी पाहिली आहे. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. बस, एवढंच. पाटीपाशी बसलेले एक आजोबा म्हणाले, ‘‘आमचं चुलत पणजोबा बसऱ्याला गेलं, ते काय परत आलं न्हाईत.’’ कशासाठी गेले होते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनाही नव्हतं.

आजोबा, तुमच्यासाठीच लिहितो. १९०८ मध्ये इराणात मस्जिद सुलेमानला तेल लागलं. ते आबादानच्या कारखान्यात यायचं आणि आबादान बसऱ्याच्या खालच्या अंगाला, शत्त-अल-अरब नदीच्या काठावर. इंग्रजांचं आरमार तेव्हा कोळसा सोडून तेलाकडे वळत होतं. म्हणून १९१४ मध्ये, युद्धाच्या तोंडावर, ब्रिटिश सरकारने ते तेल काढणाऱ्या कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर स्वतः घ्यायचं ठरवलं. सरकारच मालक झाल्यावर राखण करायला सरकारी फौज आलीच. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी नदीच्या मुखाशी, फावला, हिंदी फौज उतरली. ती होती सहावी डिव्हिजन. तिचं नाव पुणे डिव्हिजन.

आबादान राखायला आलेली फौज बसऱ्याला थांबली नाही. बगदादचा मोह सुटेना, म्हणून ती नदी धरून वर वर गेली, तुर्कांचा मार खाऊन मागे फिरली आणि कूत गावात कोंडली गेली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. धान्य होतं पण दळायची सोय नव्हती, तेव्हा जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले. घोडे कापून खायची वेळ आली. आपल्या बहुतेक शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे तोंडाला लावलं नाही. भाजी नाही, मांस नाही, हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं. माणसं गवतातला पाला खुडून खात होती आणि त्यातही विषारी कोणता, हे खाल्ल्यावरच कळत होतं. त्यांना सोडवायला आलेल्या फौजेतली सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. शेवटी शरणागती. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, आणि कैद झालेल्या शिपायांतले हजारो पुढच्या वाटचालीत आणि छावण्यांत गेले. ज्यांचे मृतदेह सापडले नाहीत त्यांच्यासाठी बसऱ्यात मोठं स्मारक झालं. त्यावर इंग्रज सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची पलटणीगणिक नुसती संख्या. गावच्या पाटीवर संख्या, बसऱ्याच्या दगडावरही संख्याच.

तुर्कांशी युद्ध थांबलं ते ३० ऑक्टोबर १९१८ च्या युद्धबंदीने. मोसुल तोवर तुर्कांकडेच होतं. युद्धबंदी झाल्यावर इंग्रज फौज पुढे चालत गेली आणि तिने मोसुल घेतलं. युद्ध चालू असतानाच ब्रिटन आणि फ्रान्सने केलेल्या वाटणीत ते फ्रान्सच्या पदरात होतं. फ्रान्सने ते सोडलं आणि बदल्यात तेलाचा चौथा हिस्सा घेतला. मोसुल, बगदाद, बसरा असे तीन तुर्की प्रांत एका दोरीत बांधून त्याला इराक म्हणायचं ठरलं. कुर्दांना १९२० च्या तहात वेगळ्या मुलखाची आशा दाखवली होती, १९२३ च्या तहात तिचा उल्लेखही नव्हता.

आता त्या सात दिवसांकडे येतो. सान रेमोत म्हटलं होतं की इराकींना कंपनीत २० टक्क्यांपर्यंत भाग घेता येईल. १९२५ चा करार आला तेव्हा भाग गायब होता. हाती पडले टनामागे सोन्याच्या भावाचे चार शिलिंग. दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. बाकीच्यांनी सही का केली? कारण राष्ट्रसंघाची समिती त्याच सुमाराला मोसुलमध्ये फिरत होती, आणि मोसुल इराकला मिळायचं की तुर्कस्तानला, हे तिच्या अहवालावर ठरायचं होतं. सही नाही तर मोसुल नाही, ही धास्ती होती. पुढे मोसुल मिळालं. तेलाशिवायचं.

१९२७ च्या ऑक्टोबरमध्ये किरकुकजवळ बाबा गुरगुरला तेल उसळलं. दहा दिवस ते आवरेना, ओढ्यांना बांध घालून अडवावं लागलं. पुढच्या वर्षी टर्किश पेट्रोलियमच्या मालकांनी आपापसांत हिस्से ठरवले. ब्रिटिश, डच-ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकी असे चार वाटेकरी, प्रत्येकी २३.७५ टक्के. उरलेले ५ टक्के गुल्बेंकियन या एका दलालाचे. बेरीज करून बघा, शंभर भरतात. इराकचा त्यात शून्य. जुन्या तुर्की साम्राज्याच्या नकाशावर लाल रेघ मारून त्यांनी हेही ठरवलं की तिच्या आत कोणी एकट्याने तेल काढायचं नाही. किती तेल काढायचं, म्हणजे इराकच्या हाती किती पैसे पडायचे, हे त्या कंपन्यांच्या सोयीने ठरू लागलं.

किरकुकमध्ये कुर्द, तुर्कमान, अरब, असीरियन शेजारी शेजारी राहत. १९४६ च्या जुलैमध्ये कंपनीच्या कामगारांनी पगार आणि घरांसाठी संप केला, तेव्हा ते एकत्र उभे होते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. फूट नंतर पाडली गेली. पुढे सत्तेवर आलेल्या बाथ पक्षाच्या सरकारने कुर्द आणि तुर्कमान घरं उठवली आणि त्या जागी अरब बसवले, कारण ज्याचं किरकुक, त्याचं तेल. २००५ च्या घटनेत लिहिलं की २००७ अखेर लोकांचा कौल घेऊ. कौल झालाच नाही. २०१४ मध्ये कुर्द फौजेने शहर घेतलं, २०१७ मध्ये बगदादने परत घेतलं.

त्याच बाथ पक्षाच्या सद्दामचे गुन्हे सद्दामचेच. हलब्जातल्या कुर्दांवर विषारी वायू त्याने सोडला, इराणवर आणि कुवेतवर तो चालून गेला. त्याची सुटका मला करायची नाही. पण १९७२ मध्ये तेल देशाचं झालं तेव्हा राज्यकर्त्यांच्या हाती जी व्यवस्था आली ती जुनीच होती. पैसा जमिनीतून थेट सरकारकडे, लोक बाजूला. कर मागायला लोकांच्या दारात जावंच लागलं नाही, तर त्यांना हिशेब कोण देणार? आजही इराक सरकारच्या उत्पन्नात तेलाचा वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. १९९० मध्ये कुवेतवरच्या चढाईला रुमैला तेलक्षेत्राचं भांडण हे एक निमित्त होतं, आणि इराक-कुवेतची ती सीमारेषा इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारातून पक्की झालेली. त्या चढाईनंतर लाखाहून अधिक भारतीय, कित्येक जण नेसत्या कपड्यांनिशी, अम्मानमार्गे मुंबईच्या विमानतळावर उतरले.

फावच्या समोर समुद्रात आज तेल भरायचे धक्के आहेत. इराकचं बहुतेक तेल तिथून जहाजांत चढतं, आणि त्यातलं बरंचसं आपल्याकडे येतं. २०१८ च्या उन्हाळ्यात वरून नदीला पाणी कमी आलं आणि त्याच मुखातून समुद्राचं खारं पाणी शत्त-अल-अरबमध्ये चढत चढत बसऱ्याच्या नळांपर्यंत गेलं. त्या घाण पाण्याने लाखाहून अधिक माणसं आजारी पडून दवाखान्यात गेली. पोरं रस्त्यावर आली, सरकारी कचेऱ्या पेटल्या, गोळीबारात माणसं मेली. ती पोरं पिण्याचं पाणी आणि नोकऱ्या मागत होती.