कशावरून?

आमच्या घराण्यात 'माहीत नाही' असं म्हणण्याची पद्धत नाही. पत्ता विचारायला आलेल्या माणसाला माझ्या वडिलांनी आजवर कधी विन्मुख पाठवलेलं नाही; तो पुढे कुठे पोचला, हा त्याचा प्रश्न. माझे एक काका शेअर बाजार, मूळव्याध आणि इस्राएल या तिन्ही विषयांवर सारख्याच अधिकाराने बोलतात. त्यामुळे 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी अवतरलं आणि जग थक्क झालं, तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. प्रश्न संपायच्या आत उत्तर, उत्तरात मुद्देसूदपणा, चेहऱ्यावर (असता तर) शंकेची रेघ नाही. हे तर आमचे काकाच!

फरक एवढाच, की काकांना थांबवायला काकू आहेत.

यंत्राचं गणित ऐकल्यावर तर साम्य आणखी पटलं. अफाट मजकूर वाचून त्याने शिकलेलं असतं ते एवढंच, की कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त. शब्दाला शब्द जोडत ते पुढे जातं. वाक्य खरं आहे की नाही, यापेक्षा ते शोभतंय की नाही, इकडे त्याचा कल. लग्नघरात अशा माणसाला मान असतो. सहावीच्या प्रकल्पवहीत मात्र पंचाईत होते.

मुलीच्या शाळेने याच विषयावर पालकसभा घेतली. शीर्षकात 'संधी आणि आव्हाने' होतंच. त्याशिवाय आपल्याकडे सभागृहाचं दार उघडत नाही. व्याख्याते बराच वेळ बोलले. शेवटी एका बाबांनी विचारलं, "सर, स्कॉलरशिपला याचा फायदा होईल का?" आणि एका आईने विचारलं, "हे बंद कुठून करतात?" व्याख्यानात कामाची माहिती एकच निघाली, ती वयाची. चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे वापरणाऱ्याचं वय किमान 13 हवं, आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी. वर्गातल्या वापरासाठी युनेस्कोनेही 2023 मध्ये 13 हीच मर्यादा सुचवली. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तर अठराच्या आतला प्रत्येक जण बालक. पण अकाउंट उघडताना जन्मसाल आपलं आपणच टाकायचं असतं. त्यामुळे सहावी 'ब'मधली बरीचशी मुलं इंटरनेटवर सध्या पस्तिशीची आहेत.

आमच्याकडे ठरलं ते असं: अकाउंट माझं, जागा हॉलमधली आणि शेजारी मी. "तू शेजारी बसून काय करणार?" असं कन्येने विचारलं. मी तिला अलेक्साचा किस्सा सांगितला. हा आत्ताच्या यंत्रांच्या आधीचा, डिसेंबर 2021 चा. एका दहा वर्षांच्या मुलीने अलेक्साकडे 'काहीतरी चॅलेंज दे' असा हट्ट धरला, तर अलेक्साने इंटरनेटवरून शोधून सांगितलं, की चार्जर अर्धवट खोच आणि उघड्या पिनांना नाणं टेकव. आई तिथेच होती म्हणून ओरडली. "म्हणजे तू ओरडायला बसणार," कन्या म्हणाली. करार झाला.

पहिला प्रकल्प आला तो सिंहगडाचा. यंत्राने क्षणात चार परिच्छेद काढून दिले. भाषा एखाद्या अध्यक्षीय भाषणाला लाजवेल अशी. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं: 'सिंहगडाच्या अभेद्य तटबंदीवर आजही अरबी समुद्राच्या लाटा आदळतात.'

माझे वडील सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांचा दर रविवार सिंहगडावर जातो. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही यांच्यासाठी जातो असं आई म्हणते, पण जातो. त्यांनी पेपर खाली केला. "लाटा? खडकवासल्याच्या का?"

सिंधुदुर्ग आणि सिंहगड यांची सरमिसळ झाली होती. एक मालवणच्या समुद्रात, दुसरा पुण्याच्या डोक्यावर. पण दोन्ही 'सिं'ने सुरू होणारे किल्ले, दोन्हींच्या आसपास महाराज, तटबंदी, अभेद्य वगैरे शब्दांची गर्दी. यंत्राला तेवढं पुरलं. चूक दाखवल्यावर त्याने ताबडतोब माफी मागितली, आमचं कौतुक केलं आणि समुद्र मागे घेतला. चूक इतक्या चटकन कबूल करणारं आमच्या घरात दुसरं कोणी नाही, एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

त्या दिवसापासून कन्येला पेन्सिल दिली. यंत्र जे सांगेल त्यातल्या प्रत्येक ठाम वाक्यासमोर समासात लिहायचं: 'कशावरून?' मग पुस्तकात किंवा ओळखीच्या, जबाबदार ठिकाणी शोधायचं. सापडलं तर खोडायचं, नाही सापडलं तर वाक्य गाळायचं. उत्साह टिकावा म्हणून मी तिला न्यूयॉर्कच्या दोन वकिलांची गोष्ट सांगितली. यंत्राने रचलेले, कधीही न झालेले खटले 2023 मध्ये त्यांनी कोर्टात सादर केले आणि 5000 डॉलर दंड झाला. मे 2024 मध्ये गूगलच्या एआय उत्तराने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये डिंक घालायला सांगितलं, हेही सांगितलं. कुणीतरी फार पूर्वी रेडिटवर केलेला विनोद यंत्राने पाककृती म्हणून वाढला होता. कन्या बेहद्द खूश झाली.

आणि मग पेन्सिल घराकडे वळली.

प्रकल्प पाहून वडिलांना स्फुरण चढलं आणि त्यांनी तानाजींच्या यशवंती घोरपडीची गोष्ट सुरू केली. तिच्या कमरेला दोर, समोर कडा, मिट्ट काळोख. ती दोनदा मागे फिरते तिथे आजोबा नेहमी आवाज खाली आणतात. तेवढ्यात प्रश्न आला, "आजोबा, कशावरून?"

"कशावरून म्हणजे? सगळ्यांना माहीत आहे!"

"यंत्रसुद्धा असंच बोलतं."

वडील बँकेतून निवृत्त झालेले आहेत. व्हाउचर मागितलं की त्यांचा नाइलाज होतो. माळ्यावरची पुस्तकं खाली आली. तानाजींचा 4 फेब्रुवारी 1670 चा पराक्रम पक्का निघाला. घोरपड पोवाड्यात भेटली, पण समकालीन कागदांत तिला आधार नाही असं अभ्यासकांचं म्हणणं सापडलं. शिवाय गडाला 'सिंहगड' हे नाव त्या लढाईच्या आधीच्या पत्रांतही आहे. वडील त्या रात्री कमी जेवले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले, तेव्हा कट्ट्यावर एका मित्राने फॉरवर्ड वाचून दाखवला आणि वडिलांनी त्याला विचारलं, "कशावरून?" कट्ट्यावर सध्या अबोला आहे.

चुकीच्या माहितीची मला आता फारशी धास्ती नाही. मला जास्त भीती वाटते यंत्राच्या गोडव्याची. 'किती सुंदर प्रश्न विचारलास!' असं ते दर वेळी म्हणतं. आमच्याकडे सुंदर प्रश्नाला 'आधी जेवून घे' हे उत्तर असतं. हा गोडवा फार जुना आहे. जोसेफ वायझेनबॉम यांनी 1966 मध्ये 'एलायझा' नावाचा साधासा बोलका प्रोग्रॅम केला होता. आपलंच वाक्य उलटवून प्रश्न विचारणारा. तो कसा बनतोय हे महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेसुद्धा त्याच्याशी थोडं बोलल्यावर त्यांना म्हटलं, जरा खोलीबाहेर जाता का?

मीही एकदा चहा आणायला आत गेलो, तेवढ्यात कन्येने मैत्रिणीशी झालेलं भांडण यंत्राला सांगून टाकलं. मैत्रिणीचं नाव, शाळेचं नाव, बसचा थांबा, सगळं. यंत्र म्हणालं, 'तुझ्या भावना अगदी रास्त आहेत.' तेच गाऱ्हाणं तिने आजीला ऐकवलं. आजी म्हणाली, "तूच काहीतरी बोलली असशील. बोलाव तिला, थालीपीठ लावते." बोलली होतीच. दोघींनी मिळून चार थालीपिठं संपवली. तेव्हापासून नावं, शाळा, पत्ता, फोटो यंत्राला द्यायचे नाहीत असा नियम झाला. तो कन्या पाळते. तिची मावशी पाळत नाही. मार्च 2025 मध्ये फोटोंची घिबली-छाप कार्टून चित्रं करून घेण्याची लाट आली तेव्हा मावशीने भाच्यांचे सगळे फोटो यंत्राला खाऊ घातले, वर ग्रुपवर 'सो क्यूट' लिहून टाकले. भाचीने खाली लिहिलं, "मावशी, मला विचारलं होतंस का?" मावशीने त्यावर फक्त हसरा चेहरा टाकला.

निबंध मात्र यंत्राकडून घ्यायचा नाही, यावर घरात एकमत आहे. 'माझे आजोळ' या विषयावर त्याने कौलारू घर, गोठा आणि आजीच्या हातच्या पुरणपोळ्या लिहून दिल्या होत्या. आमच्या मुलीचं आजोळ डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून येतात. खरा निबंध तिने स्वतः लिहिला. त्यात लिफ्ट बंद पडल्याचा प्रसंग फार चांगला उतरलाय.

गेल्या रविवारी काका आले होते. मूळव्याधीवर त्यांनी एक पाला सुचवला. कन्येने पेन्सिल काढली. काका "हल्लीची मुलं फार बोलतात" म्हणत चहा न घेता उठले. काकूंनी मात्र जाताना तिच्या हातावर शंभराची नोट ठेवली.

तेव्हा वाचकहो, मुलांना एआय वापरायला द्यायचंच असेल, तर अकाउंट आपलं ठेवा, खुर्ची शेजारी ओढा, आणि पेन्सिल हातात देण्याआधी घरातल्या ज्येष्ठांना थोडी कल्पना देऊन ठेवा.